जुनीं छायाचित्रें: ऐतिहासिक साधन म्हणून त्यांची परीक्षा

गेल्या वर्षीं दक्षिण महाराष्ट्रांतील एका जुन्या घराण्याचें दप्तर पाहण्याचा आम्हांस योग आला. रुमाल सोडून पाहून झाल्यावर यजमानांनीं देवघराच्या कोनाड्यांतून एक लहानशी झांकणाची पेटी आणून आमचेपुढें ठेविली. तींत कांचेवरील एक जुनें छायाचित्र होतें. वयस्क असे एक गृहस्थ पाटावर बसलेले आहेत. सोवळें नेसलेले, उघड्या अंगाचे. जानवें उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीकडे उतरलेलें, आणि कपाळीं ठसठशीत काळा टिळा. घरांतील परंपरागत समजूत अशी कीं, चित्र श्राद्धाच्या दिवशींचें आहे, कारण जानवें अपसव्य आहे. आणि गृहस्थ वारकरी होते, कारण कपाळीं बुक्का आहे. या समजुती घरापुरत्याच राहिल्या असत्या तर त्यांची चर्चा करण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु पूर्वीं एका अभ्यासकांनीं याच चित्राच्या आधारावर घराण्याच्या वंशावळींत एक दत्तक घातला आहे. श्राद्ध करणारा तो वारस, औरस पुत्र तर कागदांत दिसत नाहीं, तेव्हां हा दत्तक, अशी ती अनुमानांची सांखळी. दत्तकपत्र म्हणावें, नजराण्याची पावती म्हणावी, यांपैकीं एकही कागद त्या दप्तरांत नाहीं.

श्राद्धाचें कर्म चालू असतां छायाचित्रकारास घरांत घेऊन त्याच्या यंत्रापुढें निश्चल बसणारा यजमान आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. पण हा तर्क झाला. आमचें लक्ष गेलें तें पाटाशेजारच्या पळीपंचपात्रीकडे. ती गृहस्थांच्या डाव्या हाताशीं होती. यजमानांच्या अनुमतीनें पितळी चौकटींतून कांच हलकेच मोकळी केली, तेव्हां कांचेमागें काळें कापड आढळलें, व कांचेची जी बाजू पाहणारांकडे केलेली होती तिच्यावरच चित्राचा थर होता. याचा अर्थ तें चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटें दिसत होतें. कांच फिरवून धरतांच जानवें डाव्या खांद्यावर आलें, पळीपंचपात्री उजव्या हातीं आली, श्राद्ध संपलें. टिळ्याविषयीं पुढें सांगूं.

या प्रसंगावरून जो विचार आमचे मनांत घोळत राहिला तो संग्राहकांपुढें ठेवण्याकरितां हा लेख आहे. जुना कागद हातीं आला म्हणजे आपण एकदम मजकुराकडे वळत नाहीं. कागद कोणता, शाई कशी, मोडीचें वळण कोणत्या काळचें, शिक्का व मोर्तब ठिकाणीं आहेत किंवा नाहींत, अस्सल कीं नक्कल, हें आधीं पाहतों, आणि मग वाचावयास बसतों. छायाचित्र हातीं आलें कीं मात्र हा सर्व संस्कार आपण विसरतों व एकदम मजकूर वाचतों. प्रत्यक्ष सूर्यप्रकाशानें काढलेलें चित्र खोटें कसें असेल, असा एक भाबडा विश्वास या विसरण्याच्या मुळाशीं आहे. प्रकाश खोटें बोलत नाहीं हें खरें. पण त्याची साक्ष कोणत्या पदार्थानें लिहून घेतली, कोणीं लिहून घेतली, आणि पुढें तिची नक्कल कोणीं केली, या तीन गोष्टी कळल्याशिवाय ती साक्ष वाचतां येत नाहीं.

प्रथम पदार्थाचा विचार. छायाचित्रणाचा जन्म इ. स. १८३९ सालचा धरतात. त्या वर्षीं पॅरिस येथें दागेर याची कृति प्रसिद्ध झाली व इंग्लंडांत टॅल्बट यानें आपली निराळी कृति जाहीर केली. दागेरच्या पद्धतींत तांब्याच्या पत्र्यास चांदीचा मुलामा देऊन त्यावर आयोडिनाची वाफ धरीत, पत्रा कॅमेऱ्यांत ठेवून प्रकाश देत, आणि नंतर पाऱ्याच्या वाफेनें चित्र उमटवीत. चित्र अत्यंत रेखीव. पण एकच, त्याची दुसरी प्रत निघावयाची नाहीं. आणि कॅमेऱ्यापुढें आरसा किंवा लोलक बसवून खबरदारी घेतली नसेल तर डावेंउजवें पालटलेलें. टॅल्बटनें १८४१ सालीं जी सुधारलेली पद्धति पेटंट केली तींत कागदावर प्रथम उलट छायेची प्रत, म्हणजे निगेटिव्ह, काढून तीवरून सुलट छायेच्या हव्या तितक्या प्रती उठवितां येत. आपणांस परिचित असलेलें सर्व पुढील छायाचित्रण या दुसऱ्या शाखेचें आहे. १८५१ सालीं आर्चर यानें कांचेवर कलोडियनचा थर देण्याची कृति प्रसिद्ध केली. तिचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं, व १८५७ सालीं तो दारिद्र्यांत वारला. त्याच्या कृतीनें पुढें तीस वर्षें साऱ्या जगांतील छायाचित्रकारांची पोटें भरलीं.

ही ओली कांच मोठी अडचणीची वस्तु होती. कांचेवर कलोडियन ओतावयाचें, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि सुकण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत नेऊन चित्र उमटवावयाचें. आपल्याकडील उन्हाळ्यांत कलोडियनमधील ईथर पाहतां पाहतां उडून जाई. म्हणून आरंभींच्या काळांत दूरच्या प्रवासास निघणारे छायाचित्रकार पुष्कळदां कागदी निगेटिव्हच पसंत करीत. ल ग्रे या फ्रेंच गृहस्थानें १८५१ सालीं प्रचारांत आणलेला मेणाचा कागद तर कित्येक दिवस आधीं तयार करून ठेवितां येई. कागदी निगेटिव्हवरून उठविलेल्या प्रतींत कागदाच्या तंतूंची जाळी दिसते व कडा किंचित् मऊ असतात. कांचेवरून काढलेली प्रत लखलखीत व बारकाव्याची असते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला चकचकीत कागद १८५० नंतरचा. त्यापूर्वींची मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या कागदावरील प्रत चकाकत नाहीं, चित्र कागदाच्या अंगांतच मुरलेलें वाटतें. कोरडी जिलेटिनची कांच १८७१ सालीं मॅडॉक्स यानें सुचविली व त्यानंतरच्या दशकांत ती सर्वत्र पसरली. मोडीच्या वळणावरून जसा काळ सांगतां येतो तसा या खुणांवरून चित्राचा काळ सांगतां येतो. निदान अमुक वर्षांपूर्वींचें तें असूं शकत नाहीं, इतकें तरी छातीठोकपणें म्हणतां येतें.

कांचेवरील आमच्या गृहस्थांचें चित्र हें कलोडियनच्याच जातीचें. निगेटिव्हास प्रकाश थोडा कमी देऊन तिच्यामागें काळें कापड ठेवलें, किंवा काळा रोगण दिला, कीं तीच सुलट छायेचें चित्र दिसूं लागते. १८५५ च्या सुमारास ही तऱ्हा फार लोकप्रिय झाली. दागेरच्या पत्र्याप्रमाणें हेंही एकाकी चित्र. आणि थराची बाजू पुढें केली तर उलटें, मागें केली तर सुलटें. लोखंडी पत्र्यावरील चित्र, जें जत्रेजत्रेंतून काढून मिळे, तें तर पत्रा अपारदर्शक असल्यामुळें नेहमींच उलटें. तेव्हां कांचेच्या वा पत्र्याच्या चित्रावरून तरवार कोणत्या बाजूस, अंगरख्याचा बंद कोणत्या बगलेस, उपरणें कोणत्या खांद्यावर, पगडीचा कोंका कोणीकडे, असले प्रश्न सोडविण्यापूर्वीं थर कोणत्या बाजूस आहे हें पाहिलेंच पाहिजे. कागदावरील प्रतींत हा धोका कमी, पण तेथेंही निगेटिव्ह पालथी ठेवून उठविलेल्या प्रती व पुस्तकांत उलटे छापलेले ठोकळे आमच्या पाहण्यांत आले आहेत.

आतां टिळ्याकडे वळूं. त्या काळच्या सर्व कांचा व कागद निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच जागे होते. तांबडा, केशरी व पिवळा प्रकाश त्यांस जवळजवळ दिसतच नसे. यास्तव निळें आकाश कोरें पांढरें उमटे, निळीनें रंगविलेलें कापड असावें त्याहून फिकें दिसे, आणि तांबडें तें सर्व काळें होई. कुंकू काळें, रक्तचंदन काळें, केशरी गंध काळें, तांबडी पगडी काळी, हळदीचा मळवट काळवंडलेला, भगवा ध्वज काळाठिक्कर. फार काय, माणसाची कांति देखील असेल त्याहून दोन छटा सांवळी येई, आणि तेवढ्यावरून पुढील लोकांनीं पूर्वजांच्या वर्णाविषयीं काय काय लिहून ठेविलें आहे तें येथें न सांगणें बरें. १८७३ सालीं फोगेल या जर्मन रसायनज्ञानें थरांत विशिष्ट रंग मिसळून कांचेस हिरवा व पिवळा दिसेल असें केलें. तांबडें दिसणाऱ्या कांचा बाजारांत मिळूं लागल्या त्या १९०६ पासून, व रुळल्या त्याहूनही मागाहून. म्हणजे १८५५ सालचाच नव्हे, तर १९१५ सालचा काळा टिळा देखील बुक्का आहे असें केवळ चित्रावरून म्हणतां येणार नाहीं. आमचे गृहस्थ वारकरी असतील वा नसतील. कांचेस त्याची माहिती नाहीं.

याच कारणानें हातानें रंग भरलेल्या छायाचित्रांवर तर मुळींच विसंबूं नये. काळ्या दिसणाऱ्या पगडीवर रंगाऱ्यानें कोणता रंग चढवावा हें त्याला चित्र सांगत नसे. घरच्या माणसांनीं सांगितलें तर ठीक, नाहीं तर त्याच्या डबींत जो रंग असेल तो. पांढऱ्या आकाशांत मागाहून ढग घालण्याचीही चाल होती. तशीच गोष्ट ओस दिसणाऱ्या रस्त्यांची. प्रकाश देण्यास कित्येक सेकंद, कागदी निगेटिव्हाच्या काळीं कित्येक मिनिटें, लागत. तेवढ्या वेळांत जो चालत गेला तो चित्रांत उमटलाच नाहीं. बाजारपेठ रिकामी दिसते यावरून गांव उजाड झाला होता असें अनुमान करूं नये. तीच चूक टाळण्याकरितां बसलेल्या माणसाच्या मानेमागें लोखंडी चिमटा लावीत. जुन्या चित्रांतील पूर्वजांच्या मुद्रेवर जो करारीपणा आपणांस दिसतो त्यांत या चिमट्याचाही वांटा आहे.

पदार्थानंतर कर्त्याचा विचार येतो, आणि येथें मुंबईचें उदाहरण घेणें सोयीचें आहे. ३ ऑक्टोबर १८५४ रोजीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानांतील ती पहिली. कलकत्ता व मद्रास येथील मंडळ्या तिच्यामागून १८५६ सालीं निघाल्या. १८५५ पासून तिचें मासिकही निघूं लागलें. सभासदांत लष्करी अंमलदार, सरकारी नोकर व व्यापारी होते, तसेच आपल्याकडील लोकही होते. डॉ. भाऊ दाजी हे शिलालेखांच्या व प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाकरितां या पत्रिकेच्या वाचकांस परिचित आहेत. त्यांचा व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांचा या मंडळीशीं निकट संबंध होता, आणि नारायण दाजी हे स्वतः आरंभींच्या एतद्देशीय छायाचित्रकारांत गणले जातात. १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गांतून शिकून तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत धंदा थाटला, व त्यांचीं छायाचित्रें १८६७ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं. याच गृहस्थांनीं पुढें १८७४ सालीं लंडन येथें भगवद्गीतेवर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या हातच्या प्रती आज फार थोड्या आढळतात. जुन्या मुंबईकर घराण्यांच्या पेट्यांतून त्या निघण्याचा संभव मात्र बराच आहे.

सोसायटीच्या संस्थापक सभासदांपैकीं विल्यम जॉन्सन यांचें नांव सर्वांत अधिक लोकांस ठाऊक असतें, आणि सर्वांत अधिक घोटाळाही त्यांच्याच चित्रांमुळें झाला आहे. जॉन्सन व हेंडरसन या जोडीनें १८५६ ते १८५८ या काळांत सोसायटीच्या आश्रयाखालीं एक चित्रसंग्रह अंकशः काढला. त्या अंकांत ठोकळे नव्हते, छायाचित्रांच्या मूळ प्रतीच चिकटविलेल्या असत. पश्चिम हिंदुस्थानांतील पोषाख व माणसांचे नमुने या मथळ्याखालीं त्यांत निरनिराळ्या जातींचे व धंद्यांचे लोक येत. नंतर जॉन्सन यांनीं मुंबईंतील रहिवासी व पाहुणे अशा पौर्वात्य जातीजमातींवर दोन भागांचा मोठा ग्रंथ लंडनांत प्रसिद्ध केला. पहिला भाग १८६३ सालीं, गुजराथ, कच्छ व काठेवाड यांचा. दुसरा १८६६ सालीं, महाराष्ट्राचा. महाराष्ट्रांतील लोकांचा पोषाख, पगड्या, दागिने यांविषयीं लिहितांना या दुसऱ्या भागाचा आधार घेण्याची वहिवाट आहे. मंडळी देवळासमोर उभी आहेत, झाडाखालीं बसलेलीं आहेत, मागें इमारती दिसत आहेत; पाहणारास वाटावें कीं, छायाचित्रकार गांवांतून जात होता व त्यानें लोक जसे भेटले तसे टिपले.

वस्तुस्थिति तशी नाहीं. माणसें एका कांचेवर काढलेलीं आहेत, पार्श्वभूमि दुसऱ्या कांचेवर; आणि दोन्ही जुळवून एक प्रत तयार केलेली आहे. ग्रंथांतील पुष्कळ मंडळी जेथें उभी दिसते तेथें ती कधींच उभी राहिलेली नव्हती. कांहीं गट तर १८५६ ते १८५८ च्या अंकांत आधीं येऊन गेलेले असून तेथें त्यांच्यामागें हा देखावा नाहीं. पूर्वीं कोरलेल्या शिळेवर मागाहून दुसऱ्यानें ओळी वाढवाव्या, तसा हा प्रकार होय. फरक इतकाच कीं येथें मूळ लेखकानेंच आपल्या लेखांत भर घातली आहे.

जॉन्सन यांनीं लबाडी केली असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ओल्या कांचेच्या काळीं उघड्यावर दहा माणसें निश्चल बसविणें, आणि त्याच प्रकाशांत मागची इमारत व पुढचे चेहरे दोन्ही साधणें, हें फार कठीण काम होतें. ग्रंथाच्या गिऱ्हाइकांसही शोभिवंत पानें हवीं असत. पण संशोधकानें त्यांतील साक्ष वेगळी केली पाहिजे. पगडी, नथ, लुगड्याचा कांठ, पायांतील वाहाणा यांविषयीं चित्राची साक्ष चांगली. अमुक लोक अमुक देवळाशीं संबद्ध होते, अमुक ठिकाणीं राहत होते, याविषयीं तिची किंमत शून्य. जोडकाम ओळखण्याच्या खुणा कठीण नाहींत. माणसांवरील ऊन एका बाजूनें व इमारतीवरील दुसऱ्या बाजूनें पडलेलें असतें. पायांजवळची सांवली एकाएकीं तुटते किंवा मुळींच नसते. पागोट्याच्या व खांद्याच्या कडेला एक कापल्यासारखी रेषा दिसते. आणि बैठकीची सतरंजी जेथें संपते तेथें गवत कसें उगवलें याचा उलगडा होत नाहीं. भिंग घेऊन पाय व जमीन यांचा सांधा आधीं पाहावा, चेहरे मागाहून. चेहरे माणसास भुलवितात.

या ग्रंथाविषयीं आमची दुसरी तक्रार अधिक खोल आहे. चित्राखालीं जातीचें नांव आहे, माणसाचें नाहीं. कॅमेऱ्यापुढें जे बसले ते मुंबईंतील खरेखुरे लोक, कोणाचे तरी पणजोबा व खापरपणज्या होत्या. ग्रंथांत ते नमुने झाले. हीच रीत पुढें सरकारनें १८६८ ते १८७५ या काळांत आठ भागांत प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या लोकांवरील ग्रंथांत सर्वत्र दिसते. कोणा घराण्यांत यांपैकीं एखादी प्रत नांवासह जपलेली असेल, तर तिचें मोल छापील ग्रंथाहून कितीतरी अधिक आहे.

इमारती व लेणीं यांच्या छायाचित्रांत निराळी सावधगिरी लागते. कंपनी सरकारच्या इच्छेवरून मुंबई तोफखान्याचे कॅप्टन बिग्ज यांनीं १८५५ सालीं विजापूर, बदामी, ऐहोळे वगैरे ठिकाणचीं छायाचित्रें कागदी निगेटिव्हांवर काढलीं. ते पुन्हा तोफखान्याकडे गेल्यावर तें काम डॉ. पिगू व त्यांच्यामागून डॉ. नील या वैद्यकखात्यांतील गृहस्थांनीं चालविलें. या चित्रांचे मोठे ग्रंथ मात्र १८६६ सालीं, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मुंबईच्या धनिकांच्या आश्रयानें, लंडन येथें निघाले. तेव्हां विजापूरच्या एखाद्या इमारतीची अमुक कमान १८६६ सालीं उभी होती, असें त्या ग्रंथाच्या आधारानें लिहिणारा दहा अकरा वर्षांनीं चुकण्याचा संभव आहे. उलट अहमदाबादेवरील जोडग्रंथ त्याच वर्षाचा, बिग्ज यांच्याच नांवाचा. पण त्यांतील चित्रें प्रकाशनाच्या थोडीं आधींचीं. ग्रंथ एका सालचा म्हणून साक्ष एका सालची नव्हे. शिवाय विजापूरच्या ग्रंथांत कित्येक पानें इमारतींचीं नसून हार्ट, कमिंग व एतद्देशीय नक्षेकार यांनीं काढलेल्या नकाशांचीं छायाचित्रें आहेत. तेथें साक्ष प्रकाशाची नाहीं, नक्षेकाराच्या हाताची आहे, आणि तो हात कोठें कोठें पडका भाग पुरा करून दाखवितो. १८८५ सालीं जिल्ह्याचें ठाणें कलादगीहून विजापुरास आलें व जुन्या इमारतींत कचेऱ्या बसल्या; त्यापूर्वींची स्थिति पाहण्यास बिग्ज यांच्या मूळ प्रतींसारखें साधन नाहीं, म्हणूनच ती काळजीपूर्वक वापरावयास हवी.

अजिंठ्याची गोष्ट या संदर्भांत सांगण्यासारखी आहे. मद्रास पलटणींतील मेजर रॉबर्ट गिल यांची भित्तिचित्रांच्या नकला करण्याकरितां १८४४ सालीं नेमणूक झाली, व त्यांनीं वर्षानुवर्षें लेण्यांपाशीं राहून तैलरंगांत मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनॅमच्या स्फटिकमहालांत मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागून थोड्या सोडून सर्व जळाल्या. गिल यांनीं कॅमेराही हाताळला होता, व त्यांच्या जोडचित्रांचे दोन ग्रंथ १८६४ सालीं निघाले. मग त्यांनीं भिंतीवरील चित्रेंच कॅमेऱ्यानें कां टिपलीं नाहींत, असा प्रश्न पुष्कळ लोक विचारतात. अंधार हें एक कारण. दुसरें कारण वर येऊन गेलेंच आहे. गेरू, पिवडी व हिरवी माती यांनीं रंगविलेली भिंत त्या काळच्या कांचेपुढें ठेवणें म्हणजे आंधळ्यापुढें पैठणी उलगडणें होय. म्हणून खांब, मूर्ति व दर्शनी भाग कॅमेऱ्याकडे आणि चित्रें कुंचल्याकडे अशी वांटणी झाली. पुढें ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं १८७२ पासून केलेल्या नकलांपैकींही पुष्कळ १८८५ सालीं लंडनांत आगींतच गेल्या. गिल १८७९ सालीं वारले. त्यांचें थडगें भुसावळास आहे.

शिलालेखांच्या अभ्यासकांनीं छायाचित्राचा उपयोग फार लवकर ओळखला. मद्रास सरकारचे छायाचित्रकार कॅप्टन ट्राइप यांनीं १८५८ सालीं तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानाभोंवतीं जोत्यावर कोरलेल्या लेखांचीं एकवीस छायाचित्रें एकास एक जोडून सुमारें एकोणीस फूट लांबीची पट्टी तयार केली. म्हैसुरांत मेजर डिक्सन यांनीं १८६५ सालीं लेखांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांवरून राइस यांचा १८७९ सालचा ग्रंथ निर्माण झाला. धारवाड प्रांतांतील लेखांचीं बिग्ज, पिगू व नील यांचीं छायाचित्रें फ्लीट यांस उपयोगी पडलीं, व त्यांचा संग्रह १८७८ सालीं प्रसिद्ध झाला. पण छायाचित्र म्हणजे ठसा नव्हे, हें या कामांतच लोकांस कळून आलें. ऊन समोरून पडलें तर उथळ अक्षर बुजतें. तिरपें पडलें तर दगडाची चीर वेलांटीसारखी दिसते. यावर उपाय म्हणून अक्षरांत खडू किंवा चुना भरून मग छायाचित्र घेण्याची चाल पडली, आणि ती रोगाहून वाईट. ज्यानें खडू भरला त्यानें लेख आधीं वाचला, चूक वाचला असेल तर चूक भरला. कॅमेऱ्यानें त्या चुकीवर इमानें इतबारें सही केली. पांढरींशुभ्र अक्षरें दिसणारें लेखाचें जुनें छायाचित्र हें वाचन समजावें, लेख समजूं नये. ओल्या कागदावर घेतलेला ठसा मिळत असेल तर तोच प्रमाण धरावा.

हस्तलिखितांच्या बाबतींत आपल्या वाचकांचा जवळचा संबंध येतो. विलायतेंत डूम्सडे बुकाची प्रतिकृति १८६१ पासून छायाचित्रावरून जस्ताच्या पत्र्यावर उठवून छापण्यांत आली. ॲथॉस पर्वतावरील मठांतील टॉलेमीच्या भूगोलाची पोथी १८६७ सालीं पॅरिसांत अशाच रीतीनें प्रसिद्ध झाली. गोल्डस्टुकर यांच्या देखरेखीखालीं सिद्ध झालेली पातंजल महाभाष्याच्या पोथ्यांची प्रतिकृति त्यांच्या मृत्यूनंतर १८७४ सालीं लंडनांत निघाली. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्यानें तर याच विद्येच्या बळावर इलाख्याचे हजारों नकाशे छापले. काश्मिरी भूर्जपत्रावरील अथर्ववेदाची रंगीत प्रतिकृति १९०१ सालीं ब्लूमफील्ड व गार्बे यांनीं काढली, ती या मालिकेंतील शोभेचा मणि होय.

परंतु आपल्या पोथ्यांत हरताळ आहे. लेखकाच्या हातून चूक झाली कीं त्यावर पिवळी हरताळ फांसून वरून शुद्ध अक्षर लिहावें, ही आपली जुनी रीत. पिवळा रंग न दिसणाऱ्या कांचेवर हरताळ फांसलेली जागा काळी उमटते, व वरचें काळें अक्षर त्या काळोखांत बुडतें. शुद्ध केलेला पाठच नेमका नाहींसा होतो. हिंगुळानें तांबडे केलेले दंड, श्लोकांक व मथळे काळ्या शाईशीं एकरूप होतात, आणि मूळ कोणतें व टीका कोणती हें रंगानें सांगणारी पोथी मुकी होते. प्रतिकृति छापतांना शिळेवर अथवा पत्र्यावर डाग खरवडून काढणारा कारागीर अनुस्वारही खरवडतो. यास्तव जुन्या प्रतिकृतीवरून पाठभेद नोंदवितांना जेथें डाग, काळवंडलेली जागा किंवा विनाकारण मोकळी जागा दिसेल तेथें मूळ पोथी पाहिल्याखेरीज निर्णय देऊं नये. आज प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्रयंत्र आहे व तें तांबडें पिवळें सर्व पाहतें. तरी कोणत्या दिव्याखालीं पान धरलें होतें त्यावर हरताळीचा रंग बदलतो, आणि पानाशेजारीं फूटपट्टी व रंगपट्टी ठेवण्याचा कंटाळा पूर्वीइतकाच आहे.

संग्राहकांस दोन शब्द सांगून पुरे करूं. कांचेवरील चित्र मळलें म्हणून पाण्यानें किंवा कापडानें पुसूं नये. रोगण उडालेलें असेल तर बोटाबरोबर चेहरा निघून येतो, व असें झालेलें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पुठ्ठ्यावर चिकटविलेली प्रत सोडवूं नये. पुठ्ठ्याच्या पाठीवर छायाचित्रकाराचें नांव, पत्ता व पदकांच्या छापा असतात, आणि काळ ठरविण्यास चित्राहून त्यांचाच उपयोग अधिक होतो. घरांतील वृद्ध मंडळी चित्रांतील माणसांचीं जीं नांवें सांगतील तीं वेगळ्या कागदावर, सांगणाराच्या नांवासह व तारखेसह लिहून ठेवावीं. चित्रावर लिहूं नयेत. जॉन्सन व हेंडरसन यांच्या १८५६ ते १८५८ च्या अंकांतील सुटीं पानें, अथवा मागें देखावा नसलेले तसले गट, कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांची नोंद या पत्रिकेकडे पाठवावी. १८६६ च्या महाराष्ट्रभागाशीं तीं ताडून पाहण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे.

पेटींतील गृहस्थांची कांच यजमानांच्या इच्छेवरून होती तशीच, काळ्या कापडावर थर वर करून, पुन्हा बसवून दिली. देवघरांत त्यांचें जानवें अद्याप उजव्याच खांद्यावर आहे. वंशावळींतील दत्तकाचें नांव मात्र आम्हीं तूर्त कंसांत घातलें असून, दत्तकपत्र मिळाल्यास कंस काढूं असें यजमानांस कळविलें आहे.